पेटिट म्हणजे लहाने

गटाच्या बैठकीला जमलेल्या, वावरातून नुकत्याच घरी आलेल्या, चुलीपुढे बसून ऐकणाऱ्या सगळ्या बायांना आमचा रामराम. मागच्या काही भाषणांत आपण कर्ज, रक्त कमी असणं, शेळीपालन असे विषय घेतले. आज विषय वेगळा आहे. आज आपण आडनावावर बोलणार आहोत. आडनावात बोलण्यासारखं काय असतं, असं तुम्ही म्हणाल. पण आपल्यातल्या बहुतेक बायांना आयुष्यात दोन आडनावं मिळतात, आणि दोन्ही कुणी विचारून दिलेली नसतात. मग त्या आडनावाखाली आपलं स्वतःचं काय उरतं, हा प्रश्न आपलाच आहे.

आपण नारायणगडाच्या पंचक्रोशीतल्या बाया. आपल्या गडाला लोक धाकटी पंढरी म्हणतात. ज्यांना पंढरपूरला जाणं होत नाही, ते इथं येऊन माथा टेकतात. धाकटी म्हटलं म्हणून गडाचं काही कमी झालं का? नाही झालं. घरातली धाकटी जाऊ केस पिकले, सुना आल्या तरी धाकटीच राहते. आपल्या भाषेत धाकटं म्हणण्यात लाड असतो, थोडी चेष्टा असते, आणि कधीकधी 'तू गप्प बैस' असंही असतं.

आता एक गंमत ऐका. हाच धाकटा किंवा लहान शब्द फ्रान्स देशाच्या भाषेत 'पेटिट' असा लिहितात. आणि मुंबईत एका मोठ्या पारशी घराण्याचं आडनाव पेटिट आहे. पारशी लोक मुळात इराणातले. शेकडो वर्षांपूर्वी ते गुजरातच्या किनाऱ्यावर आले आणि तिथलेच झाले. त्यांच्यात पूर्वी आपल्यासारखी ठरलेली आडनावं नव्हती. पुढे व्यापार वाढला, इंग्रजांचे कागद आले, तेव्हा कुणी गावावरून आडनाव घेतलं, कुणी धंद्यावरून. म्हणून त्यांच्यात बाटलीवाला आहेत, दारूवाला आहेत, कॉन्ट्रॅक्टर आणि इंजिनीअरही आहेत.

पेटिट हे नाव कसं पडलं, त्याची गोष्ट त्या घराण्यात अशी सांगतात. नसरवानजी कावसजी नावाचे त्यांचे एक पूर्वज अठराव्या शतकाच्या शेवटी सुरतेहून मुंबईला आले. जहाजांवरून येणाऱ्या व्यापाऱ्यांची कामं ते करून देत. त्यांत फ्रेंच व्यापारीही होते. नसरवानजी अंगाने ठेंगणे होते. फ्रेंच लोक त्यांना 'छोटा पारशी' म्हणू लागले. हाक तोंडात बसली, हाकेचं टोपणनाव झालं, आणि टोपणनावाचं आडनाव झालं. आणखी एक मौज अशी की फ्रेंच माणूस हा शब्द बोलताना शेवटचा 'ट' गिळतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला तो जवळजवळ 'पती' असा ऐकू येतो. म्हणजे कागदावर पेटिट आणि कानाला पती. बाईला आडनाव कुठून मिळतं, हे त्या शब्दातच आलं म्हणायचं!

हसू आलं ना? पण आपल्याकडेही हेच झालं आहे. टकले, बोबडे, काळे, गोरे ही आडनावं बघा. कुणाच्या तरी रंगावरून, डोक्यावरून, बोलण्यावरून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ठेवलेल्या नावांसारखीच ती वाटतात. आणि पेटिटचं थेट मराठी करायचं तर आपल्या मराठवाड्यात आडनाव आहेच: लहाने. पण त्या लहान्यांकडे आपण थोड्या वेळाने येऊ. आधी पेटिटांकडे बघू. कारण एकाच आडनावाखाली माणसं किती वेगवेगळ्या वाटांनी जातात, ते त्या घराण्यात फार चांगलं दिसतं.

सगळ्यांत आधी नाव येतं दिनशा माणेकजी पेटिट यांचं. जन्म १८२३चा. त्यांनी कापसात आणि कापडात पैसा केला. १८६० साली ताडदेवला माणेकजी पेटिट गिरणी उभी राहिली. लगेच पुढच्या वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि आपल्याकडच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या चार वर्षांत मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि कित्येक व्यापारी रस्त्यावर आले. दिनशा मात्र टिकले, आणखी गिरण्या उभ्या राहिल्या. १८९० साली इंग्रज सरकारने त्यांना बॅरोनेट केलं. ही पदवी बापाकडून मुलाकडे जाणारी. छोट्या पारशाच्या घरात आता वंशपरंपरेने 'सर' आले.

इथं थोडं थांबू या. कापूस म्हटलं की आपल्याला पऱ्हाटी आठवते, वेचणी आठवते, बोंडाच्या काट्यांनी ओरबाडलेली बोटं आठवतात. किलोवर मिळणारी मजुरी आठवते. त्या गिरण्यांतही बाया होत्या. सूत गुंडाळण्याच्या खात्यांत, वाइंडिंगला आणि रीळिंगला, हजारो बाया उभ्यानं काम करत. कोकणातल्या आणि घाटावरच्या बाया. कापूस वेचणारी बाई आणि सूत गुंडाळणारी बाई, दोघींची नावं कोणत्याही दगडावर नाहीत. गिरणीला नाव पडलं मालकाच्या घराण्याचं. हे आम्ही कुणाला बोल लावायला सांगत नाही. पण आडनावाची गोष्ट सांगताना अर्धीच सांगायची, हे बरं नाही.

दिनशांच्या पत्नीचं नाव साकरबाई. मुंबईत परळला जनावरांचा मोठा दवाखाना आहे. दिनशांनी त्याला जमीन दिली आणि दवाखान्याला नाव दिलं बाई साकरबाई दिनशा पेटिट यांचं. त्याच्याच अंगणात १८८६ साली जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेज सुरू झालं. तेव्हा मुंबईत सगळा माल बैलगाडीवर आणि घोडागाडीवर चाले. लंगडी, जखमी, उतलेल्या खांद्यांची जनावरं तिथं आणत. म्हणून लोकांनी त्याला आपलं सोपं नाव ठेवलं: बैलघोडा हॉस्पिटल. आजही परळला हे नाव विचारलं तर लोक वाट दाखवतात. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या घरात बैलाच्या खांद्याला सूज आली की जेवण गोड लागत नाही. बैल बसला की हंगाम बसतो. त्यामुळे या दवाखान्याचं मोल आपल्याला वेगळं सांगायला नको.

दुसरी बाई दीनबाई. तिचा मुलगा जमशेटजी नसरवानजी पेटिट १८८८ साली ऐन तारुण्यात गेला. पुस्तकांचा नाद असलेला मुलगा. आईने त्याच्या आठवणीसाठी वाचनालयाला देणगी दिली आणि मुंबईच्या फोर्ट भागात १८९८ मध्ये जे. एन. पेटिट वाचनालयाची दगडी इमारत उभी राहिली. सव्वाशे वर्षं झाली, लोक तिथं बसून वाचत आहेत. लेकाचं दुःख आईने असं वाटून टाकलं.

तिसरी आवाबाई. बांद्र्याला बाई आवाबाई फ्रामजी पेटिट यांच्या नावाची मुलींची शाळा आहे. ती सुरू झाली आईबाप नसलेल्या पारशी मुलींचा आसरा म्हणून. पुढे सगळ्या जातीधर्मांच्या मुली तिथं शिकू लागल्या.

या तिघी पैसेवाल्या घरच्या. देणगी दिली, नाव राहिलं. कुणी म्हणेल, त्यात काय, पैसा होता. खरं आहे. पण आता ज्या दोघींबद्दल सांगणार आहोत त्यांनी पैसा दिला नाही, तर घरचं सुख सोडलं. आणि दोघींनी दोन निराळ्या कारणांसाठी सोडलं.

पहिली रतनबाई. घरात तिला रत्ती म्हणत. पहिल्या सर दिनशांच्या नातवाची ही लेक. जन्म २० फेब्रुवारी १९००. देखणी, हुशार, पुस्तकांत रमणारी. तिच्या वडिलांकडे येणारे एक नामवंत बॅरिस्टर होते, महंमद अली जिना. ते तिच्याहून वीसहून अधिक वर्षांनी मोठे आणि धर्माने मुसलमान. रत्तीने त्यांच्याशीच लग्न करायचं ठरवलं. वडिलांनी विरोध केला, कोर्टाचा मनाई हुकूमही आणला, कारण ती सज्ञान नव्हती. रत्ती थांबली. अठरा वर्षांची झाली, दोन महिने गेले, आणि एप्रिल १९१८ मध्ये धर्म बदलून तिने लग्न केलं. माहेर तुटलं. पुढे नवराही राजकारणात गुंतला आणि संसारात अंतर पडत गेलं. शेवटची काही वर्षं ती आजारी होती. २० फेब्रुवारी १९२९ रोजी, म्हणजे तिच्या एकोणतिसाव्या वाढदिवसालाच, ती मुंबईत वारली. पाकिस्तान हा शब्दसुद्धा तेव्हा जन्मला नव्हता.

पुढचा भाग ऐका. रत्तीची मुलगी दीना. तिने मोठी झाल्यावर नेव्हिल वाडिया या पारशी घराण्यातल्या तरुणाशी लग्न करायचं म्हटलं. तेव्हा ज्यांनी स्वतः पारशी मुलीशी लग्न केलं होतं, त्या जिनांनीच विरोध केला. दीनानेही ऐकलं नाही. एका पिढीत बाप म्हणून पेटिट आडवे आले, दुसऱ्या पिढीत जिना. आडनाव बदललं, धर्म बदलला, पण लेकीच्या निर्णयापुढे बाप आडवा येण्याची रीत तीच राहिली. आपल्या गावात आठवीनंतर शाळा सोडवून ज्या मुलींचं लग्न लावून देतात, त्यांना तर ना म्हणायलाही कुणी विचारत नाही. ऊसतोडीला जायचं, पोरीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं, म्हणून हळद लावून मोकळं व्हायचं. रत्ती अठरा पूर्ण होईपर्यंत थांबली, आणि मग तिचा निर्णय तिचा होता. अठरा वर्षांची अट कायद्यात आहे ती एवढ्यासाठीच. पोरीला तिचं स्वतःचं मत यावं.

दुसरी मिठूबेन. मिठूबेन होरमसजी पेटिट, जन्म १८९२. या मात्र आपल्या फार जवळच्या. पेटिट घराण्यात गांधीजींची ओळख आधीच होती. १९१५ साली गांधीजी आफ्रिकेतून परत आले तेव्हा जहांगीर पेटिट यांच्या बंगल्यावर त्यांचा मोठा सत्कार झाला होता. काठेवाडी पागोटं आणि अंगरखा घातलेल्या गांधीजींना त्या थाटामाटात अवघडल्यासारखं झालं, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. त्याच घराण्यातल्या मिठूबेन पुढे रेशीम सोडून जाडीभरडी खादी नेसून गांधीजींच्या कामात उतरल्या. १९२८च्या बारडोलीच्या शेतकरी सत्याग्रहात त्या होत्या.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. साबरमतीहून दांडीपर्यंत जी यात्रा निघाली तिच्यात गांधीजींनी बायांना घेतलं नव्हतं. पण बाया गप्प बसल्या नाहीत. यात्रा पोचेपर्यंत त्या किनाऱ्यावर आल्या होत्या. कस्तुरबा, सरोजिनी नायडू, मिठूबेन. गांधीजी वाकून मीठ उचलत आहेत असा एक प्रसिद्ध फोटो आहे. त्यांच्या मागे जी बाई उभी दिसते ती मिठूबेन पेटिट.

त्याच एप्रिल महिन्यात गांधीजींनी बायांना एक खास काम दिलं: दारूच्या आणि परदेशी कापडाच्या दुकानांपुढे उभं राहायचं. हाणामारी करायची नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, फक्त उभं राहायचं आणि गिऱ्हाइकाला परत फिरायला सांगायचं. सुरत जिल्ह्यात हे काम मिठूबेनने उचललं. आता लक्षात घ्या, त्या भागातले दारूचे आणि ताडीचे बरेच गुत्ते पारशांचेच होते. मघाशी दारूवाला आडनाव सांगितलं ना, ते उगीच नव्हतं. म्हणजे ही पारशी बाई आपल्याच समाजातल्या माणसांच्या दुकानापुढे उभी राहिली. परक्याच्या दारात उभं राहणं सोपं असतं. भावकीतल्या माणसाच्या दारात उभं राहायला जी छाती लागते, ती आपल्याला ठाऊक आहे. गावात हातभट्टी कुणाची असते? कुणाच्या तरी दिराची, कुणाच्या तरी मामाची. म्हणून तर तक्रारीच्या कागदावर सही करताना हात अडतो.

मिठूबेन तिथंच थांबल्या नाहीत. आंदोलन संपलं की घरी परत, असं त्यांनी केलं नाही. नवसारीजवळ मरोलीला त्यांनी कस्तुरबांच्या नावाने आश्रम काढला. आदिवासी, दलित, कोळी समाजाच्या लेकरांना तिथं सूत कातणं, विणणं, शिवण, गाईगुरांची निगा असं हाताला काम देणारं शिक्षण मिळू लागलं. मनाच्या आजारात सापडलेल्या माणसांसाठी दवाखानाही झाला. १९६१ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. १९७३ साली त्या गेल्या. ज्या घराण्याच्या गिरण्या यंत्रावर सूत काढत होत्या, त्या घराण्यातल्या बाईने लेकरांच्या हातात चरखा दिला. आणि स्वतः काढलेल्या आश्रमाला पेटिट हे नाव दिलं नाही, कस्तुरबांचं दिलं.

आता येऊ आपल्या लहान्यांकडे. डॉक्टर तात्याराव लहाने यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. लातूर जिल्ह्यातल्या रेणापूर तालुक्यातलं माकेगाव हे त्यांचं गाव. गरिबीतून शिकले, डोळ्यांचे डॉक्टर झाले, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचे अधिष्ठाता झाले. मोतीबिंदूच्या लाखाहून जास्त शस्त्रक्रिया त्यांच्या हातून झाल्या. २००८ साली पद्मश्री मिळाली. पण हे सगळं होण्याआधी त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. १९९५ साली त्यांना नवं मूत्रपिंड मिळालं, ते त्यांच्या आईचं. आईचं नाव अंजनाबाई. लहाने हे आडनाव अंजनाबाईंना लग्नात मिळालं होतं. मूत्रपिंड मात्र त्यांचं स्वतःचं होतं. त्यानंतर लेकाच्या हातून जेवढ्या म्हाताऱ्यांना दिसू लागलं, त्यात अंजनाबाईंचा वाटा आहे. डॉक्टर स्वतः जिथं तिथं आईचं नाव घेतात, म्हणून ते आपल्यापर्यंत आलं. नाहीतर तेही चुलीपुढेच राहिलं असतं.

तर मैत्रिणींनो, पेटिट काय आणि लहाने काय, शब्दाचा अर्थ एकच. नाव ठेवणाऱ्याने माणसाची उंची बघून ठेवलं असेल, किंवा चेष्टेने ठेवलं असेल. त्या नावाखाली एकाने गिरण्या काढल्या, एकीने लेकाच्या आठवणीत पुस्तकं ठेवली, एकीने मनासारखं लग्न केलं आणि त्याची किंमत मोजली, एकीने गुत्त्यापुढे उभं राहून दाखवलं, एकीने शरीराचा भाग काढून दिला. आडनाव दुसऱ्याने दिलेलं असतं. त्याखालचं काम आपलं असतं. पण ते काम आपलं आहे हे दिसायचं असेल, तर आपलं नाव कागदावर असावं लागतं. म्हणून तीन गोष्टी आज सांगून ठेवतो.

पहिली. लग्नानंतर बाईने आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. बदला किंवा ठेवा, ती तुमची मर्जी. पण जे ठेवाल ते आधार कार्ड, बँकेचं पासबुक, मतदार यादी आणि रेशन कार्ड या सगळ्यांवर सारखं ठेवा. एका कागदावर माहेरचं नाव आणि दुसऱ्यावर सासरचं असलं, की अनुदानाचे पैसे अडकतात आणि बाई तालुक्याला खेपा घालत राहते.

दुसरी. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचं नाव लिहिणं सक्तीचं झालं आहे. आधी लेकराचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. घरात बाळ आलं असेल तर जन्माचा दाखला काढताना हे बघून घ्या. नातवंडाच्या नावात सुनेचं नाव आलं पाहिजे, हे सासूबाईंनीच पुढे होऊन सांगावं.

तिसरी. शेतात आपण राबतो, पण सातबाऱ्यावर आपण नसतो. नवऱ्याच्या राजीखुशीने बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्यासाठी लक्ष्मी मुक्ती योजनेचा शासन निर्णय १९९२ पासून आहे. अर्ज कसा करायचा ते तलाठ्याकडे विचारा. एकटीने जाऊ नका, गटातल्या चौघी मिळून जा.

आणि गावात दारूचं परवान्याचं दुकान त्रास देत असेल तर आपल्या राज्यात बायांच्या सह्यांवर मतदान मागता येतं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. मत गुप्त असतं. भावकीला कळत नाही.

पुढच्या बैठकीत एक काम करा. एक वही घ्या आणि प्रत्येकीने आपलं पूर्ण नाव लिहा: स्वतःचं, आईचं, माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव. जिला लिहिता येत नाही तिचं शेजारणीने लिहावं, पण सांगायचं तिनंच. मग त्याच्यापुढे लिहा, या नावाने आजवर काय केलं. विहीर खोदताना माती वाहिली असेल, तीन पोरी शिकवल्या असतील, सासऱ्याचं आजारपण काढलं असेल, दुष्काळात छावणीवर जनावरं जगवली असतील. सगळं लिहा. वही गटाच्या पेटीत ठेवा. पासबुकाइतकीच तीही जपून ठेवा.

पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. तोपर्यंत रामराम.